खालून नववी

“मालनअक्का, तुमचं नाव हाय यादीत,” असं म्हणून कुबेर नांद्रे नळापाशीच रडायला लागला. मी जेवणाचा डबा धुवत होते. तिशीतला, झुपकेदार मिशा ठेवलेला गडी, आणि पोरासारखा हुंदके देतोय. मला वाटलं, याच्या घरी काही बरंवाईट झालं.

“कसली यादी रे?”

“कपातीची. नऊ जण काढल्यात. नववं तुमचं.”

“आणि तुझं?”

“माझं न्हाई,” असं म्हणून तो आणखीच रडला.

साबणाच्या हातानंच मी टाइम ऑफिसकडे पळाले. फळ्यावर कागद लावला होता. खालून नऊ नावं, आणि नवव्या आकड्यापुढे ‘सौ. मालन बा. मगदूम, आवाज तपासणी’. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले तर डोळ्यांत साबण गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सायकलच्या घंट्या करायचा कारखाना होता, मंजूळ बेल इंडस्ट्रीज. सगळे घंटी कारखानाच म्हणायचे. एकूण माणसं एक्केचाळीस. माझं काम म्हणजे तयार झालेली प्रत्येक घंटी वाजवून बघायची. खणखणीत वाजली की खोक्यात, बद्द वाजली की परत. दिवसाला हजारभर घंट्या. लोक विचारायचे, डोकं उठत नाही का? उठायचं कशाला? मला ते काम फार आवडायचं. शिवाय एक सांगते, सगळ्या जगात मी कुणाची तरी कुणीतरी होते. मगदुमांची सून, वैशालीची आई, डेअरीवाल्या बाळगोंडाची बायको. फाटकाच्या आत मात्र मी मालन मगदूम होते, आणि माझ्या कानाला विचारल्याशिवाय एक खोकं बाहेर जात नव्हतं.

मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये शिरले. शांतिनाथ आवटी त्यांचं नाव, पण सगळे अण्णा म्हणायचे.

“अण्णा, माझं काय चुकलं?”

“काहीच चुकलं नाही, मालनबाई,” अण्णा म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता, खोटं कशाला बोलू. “लोक आता लुना घ्यायला लागलेत. सायकल कोण घेतंय? निम्म्या ऑर्डरी गेल्या. माणसं कमी करायलाच लागणार.”

“करा की. पण मीच का?”

“शेवटी आलेला आधी जातो. कायदाच आहे तसा. खालून नऊ मोजले, नववं नाव तुमचं निघालं.”

“आणि कुबेर?”

अण्णांनी पेपरवेट फिरवला. कुबेर म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. “तो तुमच्या आधीचा आहे. एप्रिल पंच्याऐंशी.”

“अण्णा! त्याला या हातांनी काम शिकवलंय मी! मी शहाऐंशीच्या जूनमध्ये आले, तो अठ्ठ्याऐंशीत आला. देवाशपथ सांगा, नाही?”

“कागद आहे, मालनबाई,” अण्णा खिडकीकडं बघत म्हणाले. “नेमणूकपत्र आहे त्याचं.”

महिन्याभराची नोटीस संपली आणि मी घरी बसले. घरी बसणं एक वेळ चाललं असतं, पण गल्लीतल्या बायकांचं बोलणं! ‘काढली म्हणे मालनला.’ आमच्याकडं नुसतं ‘काढली’ म्हटलं की लोक पुढचं स्वतःच जोडतात. काय चोरलं असेल, कुणाशी बोलली असेल. एकीनं तर तोंडावर विचारलं, “घंट्या आणत होतीस काय गं पिशवीतनं?” मी म्हटलं, “होय, दोन पोती भरून ठेवल्यात, एक तुझ्या गळ्यात बांधते.” ती पुन्हा महिनाभर आमच्या दारावरून गेली नाही. पण आत मला लागलं होतं. फार लागलं होतं.

आमचे हे मुळात गरीब स्वभावाचे. म्हणाले, “जाऊ दे मालन. कपात झाली म्हणून कोण कोर्टात जातंय का? मालकाकडं काम नसलं तर तो तरी काय करणार?”

“काम नाही म्हणून काढलं असतं तर गप बसले असते. माझ्या मागनं आलेल्याला ठेवून मला काढलंय.”

“मग जा,” हे म्हणाले. “पण जाताना डबा घेऊन जा. कोर्टात दिवस मोडतो.”

सांगलीत गणपती पेठेच्या मागं कुरुंदवाडकर वकिलांचं ऑफिस होतं. सत्तरीला टेकलेला माणूस, काळा कोट जुना होऊन तपकिरी झालेला. आलेल्या प्रत्येकाला आधी गूळ-शेंगदाणे द्यायचे, मग काम विचारायचे. मी शेंगदाणे खात खात सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “कपात केली म्हणून दावा लागतो का, ते एका शब्दात सांगा.”

“नाही लागत,” वकील म्हणाले.

मी उठलेच.

“बसा हो बाई, काय घाई आहे! एका शब्दात विचारलंत म्हणून एका शब्दात सांगितलं. मालकाला काम नसेल तर माणसं कमी करायचा हक्क आहे. का कमी केली, म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही. पण कुणाला कमी करायचं, ते त्याच्या मर्जीवर नाही. तिथं रांग आहे. कपातीवर दावा लागत नाही. रांग मोडली तर लागतो. आता सांगा, तो कुबेर तुमच्या मागून आला याला पुरावा काय?”

इथंच सगळं अडलं. जुनी हजेरीपत्रकं वाळवीनं खाल्ली, असं कंपनीनं लेखी दिलं होतं. वाळवी खरंच लागली होती, मीच तिच्यावर रॉकेल ओतलं होतं. फंड सगळ्यांचा एकाच दिवशी सुरू झाला, त्यातून काही कळेना. आणि कामावर असलेलं माणूस मालकाविरुद्ध साक्ष द्यायला कसं येणार? मीसुद्धा गेले नसते.

“म्हणजे नाहीच काही?” वकिलांनी विचारलं.

“नारळ आहे,” मी म्हटलं.

“नारळ?”

मग त्यांना सांगितलं. खंडेनवमीला आमच्याकडं मशिनींची पूजा व्हायची. सगळा कारखाना पुसून लख्ख करायचा, मशिनींना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आणि सगळ्यात जुन्या प्रेसपुढं नारळ फोडायचा तो कारखान्यातल्या सगळ्यात नव्या माणसानं. अण्णांचे वडील, थोरले अण्णा, त्यांनी घालून दिलेली पद्धत. त्यांचं म्हणणं, नव्या माणसाची आणि मशिनीची ओळख झाली पाहिजे. त्या साली नवं कुणी आलं नाही, तर आदल्या वर्षीचाच माणूस पुन्हा फोडायचा.

“शहाऐंशीत नवी मी. आता बाईनं नारळ फोडायचा म्हटल्यावर जो गोंधळ झाला म्हणता! मिस्त्री म्हणाले, अपशकून. कुणी म्हणालं, हिचा हात नुसता लावा आणि गड्यानं फोडा. थोरले अण्णा काठी आपटून म्हणाले, नवी ती नवी, फोड गं पोरी. फोडला मी. चार घाव घातले, पण फोडला. सत्त्याऐंशीत नवं कुणी आलं नाही, पुन्हा मीच. तवर दोन प्रेस बंद पडले होते, तेही माझ्याच माथी. अठ्ठ्याऐंशीत कुबेर आला आणि नारळ माझ्या हातातून त्याच्या हातात गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. गड्यानं एका घावात दोन सारख्या वाट्या केल्या. पाणी अण्णांच्या नव्या शर्टावर. टाळ्या, शिट्ट्या! पाच वर्षं झाली, अजून सांगत फिरतो तो.”

वकील हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत हसले. डोळे पुसून म्हणाले, “बाई, हा दावा मी चालवणार. फी नंतर बघू.”

कोर्टात माझी साक्ष झाली तेव्हा मी नारळाचं सगळं सांगितलं. कंपनीचे वकील मिरजेचे, कडक इस्त्रीचे. ते जज्जसाहेबांकडं बघून हसले आणि मला म्हणाले, “नारळ कुणी फोडला याचं रजिस्टर ठेवतात का हो तुमच्या कंपनीत?”

“रजिस्टर ठेवलं असतं तर तेही वाळवीनं खाल्लं असतं,” मी म्हटलं.

जज्जसाहेबांनी मान खाली घातली. मला वाटलं रागावले. वकिलांनी नंतर सांगितलं, हसू लपवत होते.

पण माझं एकटीचं बोलणं काही पुरेसं नव्हतं. कंपनीला ते नेमणूकपत्र खरं करून दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी पुढच्या तारखेला साक्षीला आणलं ते खुद्द कुबेरला.

त्या दिवशी मी सकाळी लवकरच कोर्टात जाऊन बसले. कुबेर ‘मी पंच्याऐंशीत लागलो’ एवढं म्हणाला की माझा कारखाना कायमचा संपला. आणि तो म्हणणार नाही तर काय? एकीकडं बहिणीचा नवरा, एकीकडं स्वतःची नोकरी. व्हरांड्यात भेटला. नवा सफारी, केसांना तेल. मला बघून लगेच वाकून नमस्कार केला.

“अक्का, जेवलासा?”

“जेवले. तू आधी आत जा.”

आत कंपनीच्या वकिलांनी पत्र दाखवून विचारलं, हे तुमचं पत्र का? होय. यावरची तारीख काय? एप्रिल पंच्याऐंशी. बास, खाली बसले. हे डबा घेऊन शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी लांबूनच मला खूण केली, धीर धर.

कुरुंदवाडकर उठले. उलटतपासणीला उठलेला माणूस कसा, तावातावानं उठतो. हे उठले ते जणू दारात पाहुणा आल्यासारखे.

“या, नांद्रे. बरं आहे ना? मुलं किती?”

“दोन. मुलगा, मुलगी.”

“वा! काम कसलं करता?”

“टोपी बसवायचं. घंटीची वरची टोपी.”

“मन लावून करता?”

“म्हणजे काय! विचारा अक्कांना.” त्यानं माझ्याकडं बोट केलं. कंपनीचे वकील खुर्चीत चुळबुळले.

“कारखान्यात खंडेनवमी जोरात होते म्हणे?”

“लई जोरात.”

“नारळबिरळ फोडतात?”

कंपनीचे वकील उठले. “याचा दाव्याशी काय संबंध?” जज्जसाहेब म्हणाले, “संबंध आहे की नाही ते मला बघू दे. विचारा.”

“नारळ फोडतात का, नांद्रे?”

“फोडतात.”

“तुम्ही कधी फोडलाय?”

एकदा त्यानं कंपनीच्या वकिलांकडं बघितलं. एकदा अण्णांकडं बघितलं. मग त्यानं छाती पुढं काढली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “फोडलाय म्हणजे! एका घावात! दोन वाट्या, साहेब, मापून घेतल्यासारख्या!”

“असं? कोणत्या साली?”

“अठ्ठ्याऐंशी. अण्णांचा शर्ट भिजला बघा सगळा.”

“आणि तुमच्या आधी कोण फोडायचं?”

“आमच्या मालनअक्का. दोन वर्षं त्यांनीच फोडला. चार-चार घाव लागायचे त्यांना.” आणि माझ्याकडं वळून, “राग मानू नका, अक्का, पण खरं हाय.”

“मी कशाला राग मानू!” मी बसल्या जागेवरून ओरडले. जज्जसाहेबांनी टेबलावर पेन आपटलं.

“नारळ फोडायचा मान कुणाला असतो, नांद्रे?”

“नव्या माणसाला.”

“म्हणजे अठ्ठ्याऐंशीत तुम्ही नवे होतात. मग हे पंच्याऐंशीचं पत्र कसलं?”

“ते व्हय!” कुबेर मोकळेपणानं म्हणाला. “ते लग्नासाठी केलतं, साहेब. बोरगावचं स्थळ आलतं. मुलीचा बाप म्हणाला, मुलगा नोकरीत मुरलेला पाहिजे, आज लागला उद्या सुटला असला नको. मग भावजींनी मागची तारीख घालून पत्र करून दिलं. स्थळ जमलं. तीच आमची मंडळी.”

कोर्टात असा हशा उठला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. जज्जसाहेबही आता लपवत नव्हते. कंपनीचे वकील मात्र कागद गोळा करत होते. अण्णांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं होतं. आणि कुरुंदवाडकर काय म्हणाले? “आणखी काही विचारायचं नाही. नांद्रे, घरी मंडळींना नमस्कार सांगा.”

बाहेर आलो तर कुपवाडची सिटी बस नुकतीच गेलेली. मी आणि हे थांब्यावर उभे होतो. मला उडी मारावीशी वाटत होती आणि रडावंसंही वाटत होतं. तेवढ्यात अण्णांची पांढरी फियाट येऊन थांबली. काच खाली झाली.

“बसा,” अण्णा म्हणाले.

“नको, बस येईल.”

“मालनबाई, तासभर नाही येणार. बसा म्हणतो ना.”

मागं मी आणि हे बसलो. पुढं कुबेर. विश्रामबाग आलं. मग कुबेरला राहवलं नाही.

“भावजी, कसं बोललो?”

अण्णांनी गिअर बदलला. “बोललास. भरपूर बोललास.”

“अडखळलो न्हाई कुठं.”

“नाही. तेवढं मात्र झालं असतं तर बरं झालं असतं.”

आधी आमच्या ह्यांनी फुस्स केलं. मग मी. आणि मग अण्णाच हसायला लागले, इतके की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो माणूस हसत होता. “लग्नाचं पत्र! अहो, बायकोनं तीन दिवस माझ्या डोक्यावर बसून लिहून घेतलं होतं ते!” म्हणाले. मग डोळे पुसून आरशातून माझ्याकडं बघितलं. “तुमच्यावर अन्याय झाला, मालनबाई. मला माहीत होतं. घरात तोंड दाखवायचं होतं, म्हणून केलं.”

दोन वर्षं मी मनात अण्णांना काय काय बोलले होते. त्या क्षणी त्यातलं एकही आठवेना. ह्यांनी डब्यातली उरलेली धपाटी काढून पुढं केली आणि आम्ही चौघांनी रस्त्याच्या कडेला फियाटमध्ये बसून ती खाल्ली.

दीड महिन्यानं निकाल लागला. कपात कायदेशीर, पण मालन मगदूम यांची कपात बेकायदेशीर. नोकरीत खंड न धरता पूर्वीच्या जागेवर परत घ्या. वकिलांनी मराठीत समजावून सांगितलं तरी मी तो कागद शेजारच्या मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतला, मोठ्यानं, ओट्यावर बसून, गल्लीला ऐकू जाईल असा. ‘बेकायदेशीर’ हा शब्द त्यांना दोनदा वाचायला लावला.

सोमवारी कामावर गेले. पहिलं खोकं उघडलं आणि पहिलीच घंटी बद्द वाजली. काय गोड वाटली म्हणून सांगू!

पण रांग ही रांगच. मी आत आले, म्हणजे खालून नववा कुबेर ठरला. त्याला नोटीस गेली. मला जेवण जाईना. शेवटी एका संध्याकाळी त्याच्या घरी गेले. म्हटलं, जोडे मारले तरी खायचे. तर हा अंगणात पत्र्याच्या पाटीवर रंग देत बसलेला. ‘कुबेर मंडप, लाउडस्पीकर व भांडी’.

“कुबेर, माझ्यामुळं झालं रे.”

“तुमच्यामुळं कशाला? माझं पत्र लग्नासाठी होतं, अक्का. लग्न झालं, पत्राचं काम संपलं.” त्यानं ब्रश डब्यात बुडवला. “‘लाउडस्पीकर’ची वेलांटी दुसरीच न्हवं? बघा बरं.”

त्याची बायको चहा घेऊन आली. मी तिच्या तोंडाकडं बघायला घाबरत होते. ती म्हणाली, “बरं झालं बाई. यांचा आवाज घंटीच्या कारखान्यात वायाच जात होता.” आणि खरंच, वर्षभरात कुपवाडपासून बेडगपर्यंत बारसं असो की वरात, माईकवर कुबेर. जिथं बोलायचेच लोक पैसे देतात, असला धंदा त्याला सापडला होता.

हा किस्सा मी पुढं किती वेळा सांगितला असेल! हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, कारखान्यात नव्या आलेल्या पोरींना. कुबेरची छाती, त्याची मिशी, ‘एका घावात’ म्हणतानाचा हात, सगळं करून दाखवायचे. बायका पोट धरून हसायच्या. ‘असं येडं माणूस बघितलं न्हाई गं बाई,’ म्हणायच्या, आणि मीही म्हणायचे. कुबेर समोर असला तरी सांगायचे. तोही हसायचा.

दोन हजार सतरा साली मी निवृत्त झाले. अण्णांच्या मुलानं कारखान्याच्या आवारातच कार्यक्रम ठेवला. मंडप अर्थातच कुबेरचा, एक पैसा घेतला नाही. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण पोरांवर ओरडत खुर्च्या लावून घेत होता. कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता. आम्ही दोघं मंडपाच्या कडेला उसाचा रस पीत बसलो होतो. मी सहज म्हटलं, “कुबेर, आज भाषणात तुझी ती साक्ष सांगणार आहे बघ. शेवटची.”

“सांगा की.”

“काय रे, तुला खरंच कळलं नव्हतं, तू काय बोलतोयस ते?”

त्यानं ग्लास खाली ठेवला.

“कळलं नव्हतं कसं? आदल्या दिवशी मिरजेच्या वकिलांनी दोन तास पढवलतं मला. म्हणाले, त्या बाईनं नारळाचं सांगितलंय, तुला विचारणारच. ‘आठवत नाही’ एवढंच म्हणायचं. तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडनं. वर सांगितलं, चुकलास तर ती आत जाईल आणि तू बाहेर.”

मीही माझा ग्लास खाली ठेवला.

“म्हणजे नोकरी जाणार, हे तुला माहीत होतं?”

“होय की.”

“दोन पोरं होती तुझी. मग का बोललास?”

कुबेरनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काही येड्यासारखं विचारलंय.

“आठवत होतं की, अक्का.”

एवढं बोलून तो माईक बघायला उठला. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं, पाठीत एक जोराचा धपाटा घातला आणि रडायला लागले. समोरच्या खुर्च्यांवर बायका येऊन बसल्या होत्या. त्यांना वाटलं, निवृत्तीचं रडू आहे. एकीनं रुमाल पुढं केला.